पट्ट्याची वाट

आताच्या बहुतेक मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर फिरतो. पट्ट्याचा आणि पंख्याचा संबंध कधीच तुटला. तरी आमच्या भागात कुठल्याही गॅरेजात त्या पट्ट्याचं नाव ‘फॅन बेल्ट’च. पूर्वी व्ही आकाराचे दोन-तीन आखूड पट्टे असत, एक तुटला तरी बाकीचे चालू राहत. १९७९च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकच लांब, चपटा, उभ्या खाचांचा पट्टा आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग, पुष्कळदा वॉटर पंपसुद्धा एकाच दोरीत ओवले गेले. दोरी तुटली की माळच खाली.

आमची तुटली मल्हारपेठच्या अलीकडे. अण्णांना आठवड्यातून दोनदा पाटणहून कराडला डायालिसिसला नेते. बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं झालं, तापमानाचा काटा चढू लागला. अण्णांना वडापमध्ये बसवून पुढे पाठवलं. गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. गॅरेजवाला म्हणाला, ‘कंपनीत न्या ताई, चार दिवस लागतील.’ पुढची पाळी शुक्रवारी होती. दर वेळी वडापमधून परतायची ताकद अण्णांत उरली नव्हती.

जुन्या पट्ट्याच्या पाठीवर ‘६ पीके १७७०’ असं वाचता येत होतं. सहा धारा, लांबी १७७० मिलिमीटर. वडापवाल्यानेच नवा आणून दिला. पण तो घालायचा कसा? गाडीच्या पुस्तकात टायरची हवा, लहान मुलांचं कुलूप, सगळं होतं, पट्ट्याचा नकाशा नव्हता. बॉनेटखालच्या स्टिकरचा नुसता डिंक उरलेला. मोबाइलवर त्याच इंजिनाच्या नावाने दोन आकृत्या मिळाल्या. दोन्हींत एसी होता, सगळ्या पुल्या तितक्याच, फक्त वाट वेगळी. एकीत वॉटर पंप वेटोळ्याच्या आत, दुसरीत बाहेर.

अण्णांची पिठाची गिरणी होती. तीस वर्षं त्यांनी पट्टेच सांभाळले. बॉनेटसमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, ‘अगं, चित्र नंतर बघ. आधी पुल्यांवरून हात फिरव.’ फिरवला. क्रँक, अल्टरनेटर, एसी, स्टिअरिंग यांना खाचा होत्या. वॉटर पंप आणि ताण देणारी पुली गुळगुळीत. ‘मग झालं की. खाच असेल तिथं पट्ट्याचं पोट, गुळगुळीत असेल तिथं पाठ.’

पाठीने फिरवलेली पुली उलट दिशेला फिरते. गिरणीत चक्की उलटी फिरवायची तर पट्ट्याला मधे पीळ देत, हे मी लहानपणी पाहिलेलं. इथे पिळाचं काम पाठ करते. म्हणजे हा वॉटर पंप उलट फिरण्यासाठीच बनवलेला. पंप वेटोळ्याच्या आत घेतला तर पट्टा बसेलही कदाचित, पण पंख्याची पाती पाण्याला चुकीच्या बाजूने ढकलतील आणि इंजिन तापेल. नुसतं ‘बसला’ याला काही अर्थ नसतो.

तरी अण्णांचं समाधान होईना. सुतळी मागवली. ताणाची पुली पान्याने अर्धी ओढून धरायला लावली आणि दोन्ही वाटांनी सुतळी फिरवून शिंप्याच्या टेपने मोजली. पंप आत धरला तर चांगली वीतभर कमी भरली. पंप बाहेर ठेवून बोटभराचा फरक. तेव्हा कुठे त्यांनी पट्ट्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पेनने सगळ्या पुल्या काढल्या, प्रत्येकीला बाण दिला. फिस्टुला केलेला डावा हात ते जपूनच ठेवतात, पुठ्ठा मी धरला होता.

पट्टा चढवायला मला पाऊण तास लागला. शेवटची पुली नेहमी गुळगुळीतच घ्यावी, पट्टा पटकन सरकतो, हेही त्यांचंच. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी आधी पंपाची दिशा पाहिली, मग काटा स्थिर होईपर्यंत मला बंद करू दिली नाही.

शुक्रवारी सहाला निघालो. मल्हारपेठला गॅरेजवाल्याने हात करून थांबवलं. पुठ्ठा बघितला, उलटसुलट करून पुन्हा बघितला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.