हुबळी ते धारवाड, आणि वर थोडं

मी धावत असलेल्या मालिकेतली शेवटची अर्धमॅरेथॉन संपली. पोटऱ्या अजून जड आहेत. मन शांत आहे, पण त्या शांततेत एक रितेपण आहे. इतके दिवस पहाटेला कारण होतं. आता पहाट नुसतीच येते.

21.0975 किलोमीटर. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जे अंतर धावले, तेच पुढे मॅरेथॉनचं प्रमाण ठरलं. त्याचं हे अर्ध. मला मात्र ते आकड्यात कधी उमगलं नाही. माझ्या लेखी ते हुबळी ते धारवाड, आणि वर थोडं. उणकलचं तळं मागे पडतं, भैरीदेवरकोप्प, नवनगर येतं, मग रायापूर. मधल्या मार्गिकेतून चिगरी, म्हणजे इथली जलद बस, सुसाट निघून जाते. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर आहे, हे बसमध्ये बसून कळत नाही, पायांना कळतं. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढताना याच रस्त्याने मला धीर दिला.

शेवटच्या टप्प्यात मनात कोण येईल, ते आपल्या हाती नसतं. मला दर वेळी आई आठवते. जिन्याच्या मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी, श्वास जुळवत. नेमकी तेव्हाच का, याचा शोध मी घेतलेला नाही. घ्यावासाही वाटत नाही. तिच्यासोबत मी थोडी थांबते, म्हणजे पाय चालूच असतात.

माझ्या वयाच्या ज्या बायका अजून धावण्याचा विचारच करताहेत, त्यांना मनापासून सांगते: बूट चांगले घ्या, आणि पहिले काही महिने नुसतं चाला.