पीआर म्हणजे काय गं?

पीआर एजन्सीत आहे म्हटलं की समुद्रपूरला पुढचा प्रश्न ठरलेला. "पेपरात हाये का तू?" नाही. "मंग जाहिरातीत?" तेही नाही. जाहिरातवाले पेपरातली जागा विकत घेतात, आम्ही बातमीत जागा मागतो, असं मी समजावते. त्यावर काकाजी म्हणाले, "म्हणजे फुकटात मागून रायली!" इतक्या वर्षांत माझ्या कामाची एवढी नेमकी व्याख्या कुणी केलेली नाही :)

मुंबईच्या ऑफिसात पहिला धक्का बसला तो बॉसला नावाने हाक मारायचा. सर नाही, मॅडम नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्याला असं बोलावलं तर पाठीत धपाटा! महिनाभर मी हाकच मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे.

दुसरी गंमत मोजमापाची. छापून आलेली बातमी पट्टीने मोजायची, तेवढ्याच जागेच्या जाहिरातीचा दर लावायचा, वर बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात म्हणून तिपटीने गुणायचं. की झाली लाखांची 'किंमत'. २०१० साली बार्सिलोनाच्या परिषदेत या धंद्यातल्याच लोकांनी ठरवलं की जाहिरातीचा दर म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. तरी त्यानंतरही कित्येक क्लायंटांनी आमच्याकडे तोच आकडा मागितला.

असो. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट येत नाही.

२०१७ च्या हंगामात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आमचा एक क्लायंट फवारणीची औषधं विकायचा. त्या प्रकरणात त्याचं नाव नव्हतं, पण त्याला आधीच एक निवेदन तयार हवं होतं. मराठी मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. त्यात एक वाक्य हवंच होतं : शेतकऱ्यांनी सुरक्षा साधने न वापरल्याने असे प्रकार घडतात.

बाबा तेव्हा समुद्रपूरच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारत होते. तोंडाला दुपट्टा. डोक्याला लागेल एवढी पऱ्हाटी, वर सप्टेंबरचं ऊन. ते साधन दुकानात मिळतं का, त्या उकाड्यात तासभर तरी घालवतं का, हे वाक्य लिहिणाऱ्याने विचारलेलं नव्हतं. मी विचारलं. उत्तर आलं, "तो आपला विषय नाही." मग हे वाक्य मी लिहिणार नाही, असं मी सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. "ठीक आहे, नको लिहूस." दुसऱ्या मुलाने अर्ध्या तासात लिहून दिलं. पुढच्या महिन्यात तो क्लायंट माझ्याकडून गेला. त्या वर्षीची पगारवाढ मात्र नीट मिळाली.

आमच्या धंद्यात आयव्ही ली हे नाव आदराने घेतात. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, तेव्हा रेल्वे कंपनीतर्फे त्याने काढलेलं निवेदन जगातली पहिली प्रेसनोट समजतात. म्हणजे आमच्या कामाचा उगमच माणसं मेल्यावर काय बोलायचं, या प्रश्नात आहे. अपघात न लपवता पत्रकारांना जागेवर नेऊन दाखवावं, हे त्याने कंपनीला पटवलं. आम्ही त्याच्याकडून प्रेसनोट तेवढी घेतली, माणसांना जागेवर न्यायचं विसरलो.

नवीन मुलं मला विचारतात, कंपनीचं 'कल्चर' कसं ओळखायचं? वाढदिवसाचे केक, शुक्रवारच्या पार्ट्या सगळीकडे सारख्याच. मी म्हणते, नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते बघा. आणि त्याने नाही म्हटल्यावर त्या कामाचं काय होतं, तेही बघा. आमच्याकडे माणसाला धक्का लागला नाही, वाक्यालाही लागला नाही.

याच धंद्यात मी अजून आहे. एवढंच, की शेतीवरचा कुठलाही मसुदा पाठवायच्या आधी बाबांना फोनवर वाचून दाखवते. ते बहुतेक वेळा एकच विचारतात, "हे कोनाले सांगून रायली तू?"