भुरी

भुरी जन्मली तेव्हा तूर खळ्यावर आली होती. हिवरखेडला आमचा कोठा घराला लागूनच. ती पूर्णाथडी जातीची वगार, फिकट मातकट रंगाची. अकोला, अमरावती, बुलढाणा हा या म्हशींचा मुलूख. मुऱ्हासारखं दूध देत नाहीत, पण वऱ्हाडी उन्हाळ्यात कुटारावरही निभावतात. मला त्या जास्त देखण्या वाटतात.

बेबीआत्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरातले तिच्याशी ओरडून बोलत. भुरीला ओरडता येत नव्हतं, हे आत्याचं भाग्यच. दावं सुटलं की भुरी शेपूट ताठ करून अंगणभर उधळायची आणि एकदम आत्यापुढे पाय रोवून, मान खाली घालून थांबायची. आत्यानं पाऊल पुढे टाकलं की ही पळे, आत्या वळली की ही मागे लागे. "आमच्यापेक्षा त्या वगारीलेच हिचं जास्त समजते बाप्पा," आजी म्हणायची.

भुरी वाढली, शिंगं लांब वळली, तरी आत्याशी खेळताना ती कपाळ नुसतं टेकवायची. एवढ्या अंगाच्या जनावरानं आपला जोर असा आवरावा, याचं मला फार नवल वाटायचं. पुढे याक पँकसेप या संशोधकाचं काम वाचनात आलं. उंदरांच्या झोंबाझोंबीत थोरलाच सारखा जिंकत राहिला, तर धाकटा खेळायला येईनासा होतो, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे खेळ टिकतो तो जोरकसानं हात आखडता घेतल्यामुळे. भुरीचं वागणं मला तेव्हा नीट उमगलं.

तेव्हा अकोला-खांडवा मीटरगेज गाडी गावावरून जायची. आम्हाला शिट्टी ऐकू येण्याआधी भुरीचे दोन्ही कान रुळांकडे वळत. आत्या ते कान बघून हातानं गाडीची खूण करायची आणि आम्ही पोरं धावत सुटायचो. वादळ, कोल्हं, दारात आलेला परका माणूस, सगळं आत्याला त्या कानांवरून कळे.

दूध काढायचं तेही आत्यानंच. म्हशीचं बहुतेक दूध कासेत वरच अडलेलं असतं. पान्हा फुटल्याशिवाय ते खाली उतरत नाही आणि धास्तावलेली म्हैस पान्हा सोडत नाही. दुसरं कोणी बसलं की भुरी दूध चोरायची. आत्या आधी तिच्या कुशीला गाल लावून बसायची. श्वास संथ झाला, कान सैल पडले, की मगच सडाला हात. ढेपेपेक्षा या बसण्यानं दूध वाढतं, असं माझं ठाम मत आहे.

भुरीची सहा-सात वेतं झाली. शेवटी तिला उठवेना, तेव्हा कोणी गिऱ्हाईक बोलावण्याचं बोललं. आत्या दारात आडवी उभी राहिली. विषय तिथेच संपला आणि भुरी आमच्याच कोठ्यात गेली. पुढे 2017 मध्ये ती मीटरगेज गाडीही बंद झाली.

ज्यांच्या कोठ्यात वगार आहे, त्यांना एक सांगणं आहे. तिचं दूध तोडू नका. भुकेलं वासरू सगळ्यात आधी बागडणं सोडतं. रोज थोडा वेळ दावं सोडा, आणि ती समोर येऊन मान खाली घालून उभी राहिली, तर हातातलं काम ठेवून एक पाऊल पुढे टाका.