नाव घातलेली भांडी

जुन्या बाजारात फिरण्याचा खरा मोसम थंडीचा. पावसाळ्यात निम्मा माल ताडपत्रीखाली असतो आणि उन्हाळ्यात पितळेला हात लावला की चटका बसतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र उन्हाकडे पाठ करून एकाच पथारीपुढे तासभर बसता येते. पुण्यातला मंगळवार पेठेचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. आम्ही नवरा-बायको दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे आमच्या वाट्याला रविवार येतो. गेल्या काही वर्षांत थंडीतले कितीतरी रविवार आम्ही तिथे घालवले. जवळच्या चौकाला बार्शीच्या शाहीर अमर शेख यांचे नाव आहे. स्वेटरच्या बाह्या वर सारून आम्ही त्या चौकातून आत शिरतो.

हा काचेच्या कपाटांचा बाजार नव्हे. एकाच गोणपाटावर पान्हे, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळे, लाखेच्या तबकड्या आणि अडकित्ते पसरलेले असतात. काय अस्सल आणि काय नक्कल, हे घेणाऱ्याने ओळखायचे. रामदरबाराचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली नाणी इथे ढिगाने मिळतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नव्हती. भोकाचा पैसा मात्र खरा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, तो चलनात आला. पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन बहुतेक नव्या-जुन्या भागांची जोडणी असतात. बिदरी कामाचे पानदान दिसले तर ते हातात घेऊन पाहावे. जस्तात थोडे तांबे मिसळून ते ओततात, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांनी काळे करतात. हे सगळे आम्ही हळूहळू, विचारून विचारून शिकलो.

पण आमचा जीव अडकतो तो नाव घातलेल्या भांड्यांत. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर छिन्नीने ठिपके ठोकून नाव घालायची रीत आहे. घागरीवर, तांब्यावर, परातीवर कुणाचे ना कुणाचे नाव असते. त्यातली काही नावे देवनागरीत असतात, काही उर्दूत. दोन्ही लिपी वाचता येत असल्यामुळे आम्हाला त्या पथारीवर माणसे बसलेली दिसतात. ‘मामाकडून’, ‘शादी की यादगार’ असे वाचत आम्ही पुढे सरकतो. विकणारा तेच भांडे तराजूत टाकतो. तराजूला नावाचे वजन कळत नाही.

अशाच एका रविवारी तांब्याचा एक थाळ हाती आला. सहाजण भोवती बसून जेवतील एवढा मोठा. काठावर गोलाकार उर्दू अक्षरे होती. विकणारा म्हणाला, “सर, ये डिझाइन हाथ का है. इसका पैसा अलग लगेगा.” आम्ही ते ‘डिझाइन’ वाचले. कुणीतरी आपल्या वालिदाच्या ईसाले-सवाबसाठी तो थाळ जमातला वक्फ केला होता. हिजरी सन १३५६, म्हणजे १९३७-३८. गावाचे नाव राखेने, चिंचेने घासून घासून झिजले होते. शेवटचे ‘पूर’ तेवढे उरले होते. महाराष्ट्रात ‘पूर’ने संपणारी गावे किती! आम्ही त्याला मजकूर वाचून दाखवला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तो फिर आपही ले जाओ. तौल के भाव में.”

थाळ घरी आणला, पण मन थाऱ्यावर नव्हते. वक्फची वस्तू बाजारात आली कशी? गावाकडच्या जमातचे हिशेब वर्षानुवर्षे सांभाळलेल्या मामूंना विचारले. ते हसले. “चोरी का काय कू होयेंगा? अपनी जमात ने भी येच किया.” मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. तांब्याला कल्हई लागते. भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथील फासावे लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. पूर्वी कल्हईवाला गावोगाव फिरायचा, भाता मांडून मोहल्ल्यात बसायचा. तो येईनासा झाला. दरम्यान अॅल्युमिनियमचे डेग आले, मंडपवाल्याकडे भांडी भाड्याने मिळू लागली. जमातने सगळ्यांच्या संमतीने तांबे विकले आणि त्या पैशांत नवी भांडी घेतली. “लिख के रखे थे क्या, किसने क्या दिया था?” आम्ही विचारले. मामू म्हणाले, “लिखना क्या? बर्तन पे लिखेला था ना!”

हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. विकण्यात गुन्हा काहीच नव्हता. पण जे लिहिलेले होते ते भांड्यावरच होते, आणि भांड्याबरोबर तेही मोडीत गेले. आईच्या नावाने थाळ देणाऱ्या त्या लेकराची एवढीच नोंद या जगात होती. १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, हस्तलिखिताला ७५ वर्षे पुरतात. कायदा वय मोजतो. पण ती वस्तू कुणाची होती, कुठून आली, हे घरच्यांनीच सांगायचे असते.

पुण्यातच दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले. लोक ज्या वस्तूंना अडगळ म्हणत होते, त्यांतून आज आपल्याला जुना संसार कळतो. आपल्या घरांतली सुरमादाणी, रिहल, पिकदाणी, मोडी किंवा फारसीतला एखादा कागद हाही या मातीतल्या संसाराचाच भाग आहे. आपला इतिहास कुणी लिहीत नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खोटी नाही. पण आपल्या माळ्यावरचा कागद वाचायला बाहेरचे कोण येणार?

म्हणून आम्ही वर्गात एक गृहपाठ देऊ लागलो. घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा आणि दादी-नानीला विचारून चार ओळी लिहा : वस्तू कोणती, कुणी आणली, कुठून, केव्हा. एका मुलाने पाडलेल्या घराचे कुलूप आणले. एकीने पणजीचा पानाचा डबा आणला. एकाने ‘हमारे घर में कुछ पुराना नहीं’ असे लिहिले, आणि खाली अम्मीने सांगितलेली गिरणीतल्या दादांच्या डब्याची गोष्ट पानभर लिहिली.

तो थाळ आमच्याकडे अमानत म्हणून आहे. गाव सापडले तर परत करू. तोवर एका वहीत त्याचा मजकूर, सन आणि आम्हाला तो कुठे मिळाला हे उतरवून ठेवले आहे. आपणही घरातले तांबे मोडीत काढणार असाल तर जरूर काढा; जागा कुणाकडेच नाही. फक्त तराजूत टाकण्याआधी त्यावरचे नाव वाचा, आणि ते नाव सांगू शकणारे माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून ठेवा.