तुरट घोट

रविवार, रात्री. संगमनेर.

नाशिकहून परतलो, पण जिभेवरचा तुरटपणा अजून गेलेला नाही. गंगापूर धरणाजवळच्या, १९९९ साली सुरू झालेल्या सुला वायनरीत चार पेल्यांची चव घेतली. चेनिन ब्लांक ही पांढरी वाइन नाकाशी नेली आणि एकदम राहात्याचा पेरू आठवला. खरंच! दुसऱ्या पांढरीला, सोव्हिन्यों ब्लांकला, ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास. जाणकार तिला ताजी म्हणतात. मला ती नुसती हिरवी वाटली.

शिराझ या लाल वाइनपाशी मात्र रेंगाळलो. आधी मिरपूड, मग कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आवळून आली. लाल वाइन सालीसकट आंबवतात. रंग सालीचा, तुरटपणा साली-बियांचा. पांढरीसाठी रस आधीच वेगळा काढतात. हे कळल्यावर दुसरा घोट वेगळाच लागला (की तो दुसरा होता म्हणून?).

शेवटी लेट हार्वेस्ट. घड वेलीवर जास्त दिवस राखून साखर वाढवलेली. थेट मधच.

घरी आल्यावर आईला म्हटलं, "अगं, द्राक्षंच ती." ती म्हणाली, "मग डब्यातल्या बेदाण्यांनी काय घोडं मारलं होतं?"