बदल आणि बदली

कॉमर्सच्या माणसाला बदल दोनच ठाऊक: एक बदलीचा आणि दुसरा पगारातला. पैकी दुसरा सहसा जाणवत नाही. रासायनिक बदल नावाचा तिसरा प्रकार मला आमच्या नववीतल्या कन्येने शिकवला. रंग पालटतो, वास सुटतो, वायू निघतो, उष्णता वाढते किंवा कमी होते, तळाशी साका बसतो ही त्याची लक्षणे. (यातली निम्मी आमच्या मॅनेजरसाहेबांत मार्चअखेर दिसतात.)

“पण बाबा, नवा पदार्थ तयार झाला पाहिजे हं!”

हे मात्र मला चटकन पटले. फाटकी नोट ही नोटच असते; ती मी काउंटरवर बदलून देतो. जळून कोळसा झालेली आणली, तर रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसचा रस्ता दाखवतो.

लक्षणांवरून फसायलाही होते. उकळत्या पाण्यात बुडबुडे येतात, पण वाफ झाली तरी ते पाणीच. ताकात खायचा सोडा फसफसतो, तो मात्र कार्बन डायऑक्साइड. म्हणजे नवा गडी. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो. आमची ही साबणवाल्याला बोल लावते. बिचारा साबण अल्कली पडला, एवढाच त्याचा गुन्हा. लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा!

आमचे अण्णा हृदयविकारानंतर रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात. पाकिटे जागा अडवतात म्हणून सगळ्या गोळ्या सोलून त्यांनी एका बाटलीत भरल्या आणि बाटली ठेवली न्हाणीघराच्या फळीवर. परवा हिने झाकण उघडले.

“अहो, ह्याला व्हिनेगरचा वास येतोय!”

कन्या पुस्तक घेऊनच आली. दमट हवेने ॲस्पिरिन फुटते. एक भाग सॅलिसिलिक आम्ल, दुसरा ॲसेटिक, व्हिनेगरमधले तेच. गोळ्या दिसायला पांढऱ्याशुभ्र, मुदतही संपलेली नाही. पासबुकात शिल्लक दिसावी आणि चेक वटू नये, तशातली गत. आणि हा चेक अण्णांच्या हृदयावर काढलेला!

“पैसे मोजलेत मी,” अण्णा म्हणाले. “उन्हात ठेवू. वास जाईल.”

“वास जाईल आजोबा, ॲस्पिरिन परत नाही यायचं.”

त्याच संध्याकाळी मी नवे पाकीट आणले. ते आता कोरड्या कपाटात असते. अण्णा रोज गोळी हुंगून मगच तोंडात टाकतात. काल त्यांनी हिच्या हातचा चहाही हुंगला. ही काही बोलली नाही, पण रंग पालटला, उष्णताही जाणवली. पुढची लक्षणे दिसायच्या आत मी डबा उचलून बँकेत निघालो.