झिजलेला दगड काय सांगतो?

मुलांनो, तुमची पेन्सिल किती झिजली? नव्या पेन्सिलीशेजारी धरा, लगेच कळेल. पण नवी पेन्सिल समोर नसेलच तर?

पुरातत्त्वज्ञांची हीच अडचण असते. आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, पाटणे गाव आहे. तिथे १९७२-७३ साली एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. अश्मयुगातली दगडी हत्यारं निघाली.

हत्यार बोथट झालं, की माणूस कडेचे बारीक तुकडे उडवून नवी धार काढायचा. दर वेळी दगड थोडा कमी व्हायचा. किती, ते मोजायची युक्ती स्टीव्हन कून यांनी १९९० साली मांडली. दगडाची कपची कडेला पातळ, मध्ये जाड असते. एकाच बाजूने धार काढत गेलं, की धार जाड भागाकडे सरकते. उडवलेल्या तुकड्यांच्या खुणा जिथे संपतात तिथली जाडी मोजा, कपचीच्या सर्वांत जास्त जाडीने भागा. ६ मिलिमीटर भागिले ८ म्हणजे ०.७५. उत्तर शून्याजवळ तर हत्यार ताजं. १ जवळ तर खूप वापरलेलं.

‘सर, भागाकार कशाला शिकायचा?’ असं वर्गात कुणी विचारलं, की मी हेच गणित फळ्यावर मांडतो.

खूप झिजलेलं हत्यार सांगतं, की ते टाकून देणं परवडत नव्हतं. कदाचित चांगला दगड लांब असेल. पण किती लांब, हे हत्यार पडलं ती जागा माहीत असेल तरच कळणार ना? म्हणून तापीच्या, पांझरेच्या काठी असा दगड दिसला, तर खिशात घालू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि शिक्षकांना दाखवा.